घरात आणखी कुणाला?

आमची इन्स्पेक्टरआत्या साडी घ्यायला निघाली की जबलपूरच्या बडा फुहारा बाजारातले कापडवाले एकमेकांकडे बघायचे. ती रंग बघत नसे, पदर बघत नसे. आधी अख्खी साडी उलगडायला लावायची, तिची उलटी बाजू उजेडाकडे धरायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत जायची. "भैया, यहाँ धागा टूटा है." दुकानदार चष्मा लावून बघायचा, त्याला काही दिसायचं नाही; मग तो बोट लावायचा आणि दुसरी साडी काढायचा. एका दिवाळीला तिने अशा अकरा साड्या नापास केल्या आणि बारावी न बघताच घरी आली. आई म्हणाली, "ताई, नेसायचीच आहे ना, लढाईवर थोडीच न्यायची आहे?" आत्या म्हणाली, "दिसून राहिलं तर डोळे कसे मिटून घेऊ?"

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत ती तपासणी विभागात होती, म्हणून आम्हा मुलांनी तिचं नाव इन्स्पेक्टरआत्या ठेवलं होतं. तयार झालेला एकेक भाग मापाला लावून बघायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर त्यावर लाल रंगाचा पट्टा, असं तिचं काम. तो भाग कशाचा असायचा हे मात्र तिने कधी सांगितलं नाही. "आत्या, तुम्ही बॉम्ब बनवता ना?" असं आम्ही विचारलं की ती म्हणायची, "नाही रे, आम्ही पापड लाटून राहिलो." फार मागे लागलो तर तिचं ठरलेलं उत्तर यायचं: "गेटच्या आतलं गेटच्या आत." लोक याचं कौतुक करायचे. मीही करायचे.

ती फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. तरुणपणी तिचं नागपूरला लग्न झालं होतं आणि तीन वर्षांत ती परत आली होती. का, असं कुणी विचारलं तर "पटलं नाही" एवढंच. आम्हा मुलांची तर खात्री होती की तिने नवऱ्याला उजेडाकडे धरून बघितलं असणार आणि नापास केलं असणार. यावर आम्ही पोट धरून हसायचो.

माझी पाळी सुरू झाली तेराव्या वर्षी आणि दुसऱ्याच महिन्यात मी राइट टाउनच्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडले. दुखणं असं की ओटीपोटात कुणी तरी मूठ आवळून पिळतंय. उलट्या व्हायच्या, पाय लटपटायचे. घरात सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, की हे बायकांच्या नशिबीच असतं. आईने ओव्याचा काढा दिला. शाळेच्या बाईंनी सांगितलं, मुलगी नाजूक आहे. एक आत्याच तेवढी म्हणाली, "नाही. हे दुखणं बरोबर नाही." शाळेतून फोन गेला की ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून खमरियाहून स्कूटरवर यायची, मला मागे बसवायची, तिची ओढणी स्वतःच्या आणि माझ्या कमरेभोवती एकत्र बांधायची म्हणजे मी पडणार नाही, आणि दर चौकात मागे वळून विचारायची, "काहून गं मनू, लई दुखून राहिलं?"

घरी नेऊन ती मला पालथं झोपवायची आणि पाठीवर तळहात दाबून धरायची. कुठे दाबायचं हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. माकडहाडाच्या जरा वर, किंचित डावीकडे. तिचा हात थेट तिथेच पडायचा. मला वाटायचं, मायेने कळतं माणसाला. आता ते वाक्य आठवलं की माझं मलाच हसू येतं आणि ते चांगलं हसू नसतं.

मग डॉक्टर सुरू झाले. पहिल्या बाईंनी सांगितलं, शादी के बाद सब ठीक हो जाएगा. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. दुसऱ्यांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या, त्या खाऊन खाऊन पोटात जळजळ सुरू झाली, म्हणून तिसऱ्यांनी पोटाची औषधं दिली. सोनोग्राफी दोनदा झाली, दोन्ही वेळा "नॉर्मल". साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या एका होमिओपॅथी डॉक्टरांनी कांदा सोडायला लावला. कॉलेजात असताना एकांनी माझ्याकडे न बघताच टेन्शनची गोळी लिहिली, तेव्हा आत्या खुर्चीवरून उठली. "डॉक्टर साहब, ये दर्द टेन्शन का नहीं है. ढूँढिए. कहीं न कहीं खराबी है, बस आपको मिल नहीं रही." मी भिंतीकडे तोंड करून रडले. माझ्या बाजूने इतकं कुणी कधी बोललं नव्हतं.

या सगळ्या खोल्यांत माझ्या शेजारच्या खुर्चीवर तीच असायची. आईला डॉक्टरांची भीती वाटायची आणि मला लाज, त्यामुळे उत्तरं आत्याच द्यायची. तारखा, गोळ्यांची नावं, किती दिवस, किती कपडे, सगळं तिला तोंडपाठ. प्रत्येक डॉक्टर कधी ना कधी एक प्रश्न विचारायचेच: घर में किसी और को ऐसी तकलीफ? माँ, मौसी, बुआ? आणि आत्या त्यांच्या डोळ्यांत बघून, जराही न अडखळता सांगायची, "नहीं जी, किसी को नहीं." डॉक्टर लिहून घ्यायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. हे मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

तिसाव्या वर्षी मी बँकेत होते आणि काउंटरवरच कोसळले. या वेळी सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीवर गाठ दिसली. नागपूरला दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. आजाराला नाव मिळालं, एन्डोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसंच अस्तर बाहेर, नको तिथे वाढतं. दर महिन्याला तिथेही रक्त साकळतं आणि आतले अवयव एकमेकांना चिकटत जातात. माझं आतडं मागे चिकटलेलं होतं. डावी ओव्हरी वाचली नाही. नागपूरच्या डॉक्टरीणबाई बिछान्याशी बसून शांतपणे बोलल्या, "सुरुवातीला सोनोग्राफीत हे दिसत नाही कधी कधी. पण घरात कुणाला असतं, तर कुणीतरी दहा वर्षांपूर्वीच दुर्बीण घालून बघितलं असतं. तुमच्याकडे तसं काही नव्हतं, त्यामुळे कुणाच्या डोक्यात आलं नाही." आत्या पायाशी बसून माझ्या मोज्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

ओव्हरी गेल्याचं दुःख मी करत होतेच, पण तेव्हा मला माझं नशीब फुटकं वाटत होतं, माणसं नाही. जबलपूरला परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मिश्रा आंटी मला बघायला आल्या. त्या आत्याच्या क्वार्टरच्या शेजारी वीस वर्षं राहिलेल्या. सोबत मुगाचे लाडू आणि पोटात काही न ठेवणारा स्वभाव. मी आजार समजावून सांगत होते तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "अरे बेटा, मुझे क्या समझा रही हो? बिल्कुल यही तो तुम्हारी बुआ को था! पेट खोला तो काला-काला खून जमा मिला. बत्तीस की थी बेचारी, बच्चेदानी निकालनी पड़ी. मैं ही तो साथ गई थी."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला, बाबांना, आम्हा सगळ्यांना आत्याच्या पोटावरचा व्रण अपेंडिक्सचा म्हणून माहीत होता. आईच्या चेहऱ्याकडे बघूनच मला कळलं की तिला खरंच ठाऊक नव्हतं. मिश्रा आंटींना आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो हे समजलं. त्यांनी लाडवांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि हवेबद्दल बोलायला लागल्या.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा करून गेले. निवृत्तीनंतर आत्याने खमरियाच्या अलीकडे दोन खोल्या घेतल्या होत्या. ती मेथी निवडत बसली होती, अर्थातच पान न् पान उलटून. मी उभ्यानेच विचारलं. ती नाही म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "मिश्राईन बोलली?" आणि मेथी बाजूला ठेवली.

"काहून सांगितलं नाहीस मला? काहून?" मी ओरडत होते. टाके ओढले जात होते. "मी आत पिळवटून राहिली होती आणि तुला माहीत होतं काय आहे ते! तू डॉक्टरांना म्हणायचीस, शोधा!"

"वाटायचं, ते शोधतील," आत्या म्हणाली. "डॉक्टर आहेत ना. मी न सांगता शोधतील."

मग तिने सांगितलं. नागपूरला सासरी असताना तिला असंच व्हायचं. सासू डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं आणि तिने सगळं खरं सांगितलं: तेराव्या वर्षापासून आहे, लग्नाच्या आधीपासून आहे, आईने लपवायला सांगितलं होतं. "सासू बाजूलाच बसली होती. घरी येऊन चहा पण दिला. आणि आठ दिवसांनी मला बसमध्ये बसवून दिलं. रिजेक्ट माल परत पाठवतात ना, तसं." ती हातावरची माती झटकत राहिली. "तुझी स्थळं येत होती मनू. आपली मराठी घरं इथे मोजकी. तुझ्या फाइलमध्ये माझं नाव लागलं असतं तर नागपूरपर्यंत गेलं असतं. आत्याला तेच, भाचीला तेच. कोण करणार होतं तुला?"

"केलं कुणी?" मी विचारलं. तीन स्थळं माझ्या दुखण्यापायी मीच नाकारली होती आणि चौथ्याने ऑपरेशन ऐकून फोन बंद केला होता. मला तिची दया येत होती आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. सासूने जे केलं ते वाईटच होतं. पण तिचा सूड माझ्या पोटावर का? नको असलेल्या नवऱ्यांपासून मला वाचवण्यासाठी तिने मला सतरा वर्षं आजाराच्या हवाली केलं, आणि वर माझी पाठ दाबून दिली. मला ज्या एका माणसाचा भरवसा होता तेच माणूस हे करत होतं. त्या दिवशी मी तिच्याकडे पाणीसुद्धा न पिता निघाले.

पूर्ण तुटलो नाही आम्ही. माझं इंजेक्शनचं चक्र सुरू झालं, ज्यात तिशीतच पन्नाशीसारखे घाम फुटायचे. मग त्याऐवजी गोळ्या आल्या, त्याही बदलल्या. मग नवीन गोळी आली, जी थोडी बरी. यावर मुळापासून औषध अजून कुणाकडे नाही हे आता मला पाठ झालं आहे. एका संशोधनासाठी मी माझं रक्त दिलं, भलामोठा फॉर्म भरला. त्यात आई, आजी, मावशी, आत्या असे रकाने होते. आत्याच्या रकान्यात मी 'होय' लिहिलं आणि तिला सांगितलं नाही. तिथे निदान नाव लिहायचं नव्हतं. ती अधूनमधून यायची, डबा ठेवायची, मी दोन शब्द बोलायचे.

मग ओवीचं सुरू झालं. ओवी म्हणजे माझ्या भावाची मुलगी, बारा वर्षांची, मराठी समजणारी आणि हिंदीत भांडणारी. चौथ्या पाळीला ती बाथरूमच्या फरशीवर आडवी पडलेली सापडली. "आत्या, मुझसे नहीं हो रहा," एवढंच मला म्हणत होती. मी त्याच दिवशी खमरियाला फोन लावला. म्हटलं, "आत्या, उद्या माझ्या डॉक्टरकडे नेतेय हिला. तू ये. तुझ्या तोंडाने सांग. या पोरीला माझ्यासारखं नको." मग ती म्हणाली, "येते. सांगते." मला इतकं बरं वाटलं की मी ते आईला दोनदा सांगितलं.

ती आली. इस्त्रीची साडी, वेळेच्या आधी दहा मिनिटं. खोलीत आम्ही चौघी: ओवी, तिची आई म्हणजे माझी वहिनी, आत्या आणि मी. डॉक्टर समजूतदार होत्या, ओवीशी आधी शाळेबद्दल बोलल्या. मग पेन उचलून त्यांनी तो प्रश्न विचारला. घर में और किसी को? मी आत्याकडे बघितलं. आत्याने वहिनीकडे बघितलं. वहिनी पुण्याची, तिला आमच्या घरातलं जुनं काहीच माहीत नव्हतं. आणि आत्या माझ्याकडे बोट करून म्हणाली, "इसको है. बस इसी को. इसके ऊपर किसी को नहीं."

वहिनीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती वाईट बाई नाही. पण त्या क्षणी तिच्या नजरेत आलं ते मला दिसलं: म्हणजे हे तुमच्यापासून आलं, ताई. आत्याने स्वतःला झाकलं होतं आणि झाकायला मला वापरलं होतं. मी म्हणाले, "नाही डॉक्टर. हिलाही होतं. माझ्या वडिलांची बहीण. बत्तिसाव्या वर्षी गर्भाशय काढलंय." मी ते मराठीत बोलले, मग तेच हिंदीत बोलले, म्हणजे काही राहायला नको.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांचा स्वर बदलला. दोन पिढ्यांत आहे तर थांबायचं नाही, म्हणाल्या. गोळी आत्ताच सुरू करू, एमआरआय करून घेऊ, दर तीन महिन्यांनी बघू. ओवीला त्यांनी सांगितलं, "बेटा, तुम बहाना नहीं कर रही हो." सतरा वर्षं मी ज्याची वाट बघितली होती ते ओवीला चौथ्या पाळीत मिळालं. मला तिचा आनंद झाला आणि, खरं सांगते, थोडा हेवाही वाटला.

आत्या केव्हा उठली ते कळलं नाही. मी बाहेर धावले तेव्हा ती रिक्षात बसत होती. "तू पण?" ती म्हणाली. एवढंच. मग पुढे वाकून रिक्षावाल्याला "खमरिया" म्हणाली आणि रिक्षा गेली. मी माफी मागायला थांबवलं नाही, कारण मला माफी मागायची नव्हती. माफी तिने मागायला हवी होती.

त्यानंतर तिने माझा फोन उचलला नाही. मीही चार वेळा केल्यावर सोडून दिला. ओवीसाठी आईच्या हाती डिंकाचे लाडू यायचे, माझ्यासाठी काही नाही. घरात सगळे मलाच समजवायचे, की ती मोठी आहे, तू जाऊन ये. मी म्हणायचे, जाईन. दहा महिने गेले.

फेब्रुवारीत एका सकाळी ती अंगणात तुळशीला पाणी घालताना बसली ती उठलीच नाही. मी पोचले तेव्हा शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. अंघोळ घालायची तयारी चालली होती. आमच्यात हे घरातल्या बायका करतात. आई आत गेली, वहिनी गेली. मी पदर खोचून उंबऱ्यापाशी आले तर मिश्रा आंटींनी माझा दंड धरला. त्यांचे डोळे सुजले होते. "बेटा, तुम बाहर रहो. उसने मुझसे वचन लिया था. बोली थी, मनू को मत नहलाने देना. पेट देखेगी, फिर किसी को बता देगी."

मी बाहेर थांबले. आत पाण्याचा आवाज येत होता, बायका हळू आवाजात एकमेकींना काय काय सांगत होत्या. वहिनीला बघू दिलं, मला नाही. मला इतकं रडू आलं की मी भिंतीला धरून खाली बसले, आणि रडत असतानाही राग येतच होता. शेवटी तरी तिने माझ्यावर विश्वास ठेवायचा होता. मी कुणाला सांगितलं नसतं, असं मात्र मला म्हणता येत नाही.